दगूचे पाहुणे

आमचा दगू माणसाशी कुजबुजून बोलतो. लग्नात, बाजारात, एसटीत, कुठंही. वाण्याकडं चहापत्ती मागताना असा कानाशी जातो, की बाकीची गिऱ्हाइकं संशयानं बघायला लागतात. पुण्याहून पोराचा फोन आला, तर पोरगं हॅलो हॅलो करून दमतं आणि रेंज नाय म्हणून ठेवून देतं.

ही खोड पाखरांपायी लागली. मनमाडला रेल्वेत रुळांच्या कामावर उभा जन्म गेला त्याचा, गाड्यांच्या आवाजात. रिटायर होऊन गावी आला आणि नांदूरच्या धरणामागं जे उथळ पाणी पसरतं, त्याच्या काठाला जाऊन बसायला लागला. थंडीत तिथं लांबच्या मुलखातली पाखरं उतरतात. दगू त्यांना पाहुणे म्हणतो. बांधावरून कोणी मोटरसायकल आणली तर हा आडवा होतो. "हळू. पाहुणे टेकलेत." मग गाडी बंद करून ढकलत न्यायची. सरपंचानंही ढकलली.

यंदा माघ सरता सरता उसात बिबट्या आला. माझ्या पुतण्याचं वासरू नेलं. जंगल खात्याची माणसं सांगून गेली, सांजेला एकटं फिरू नका, मोठ्यानं बोला, मोबाईलवर गाणी लावा, आणि काही झालं तरी खाली बसू नका, बसलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो. गावाला पटलं. दगूचं सगळं उलटं. त्याला गप राहायचं असतं, आणि तेही उकिडवं बसून.

एका सांजेला तो माझ्या ओट्याशी आला. म्हणाला, "नाना, करकोचे आज-उद्या निघतील. एकदा डोळे भरून बघू दे. एकट्याला भ्या वाटतं." ओट्यावर चार माणसं बसलेली. त्यांच्यासमोर नाही म्हणणारा मी नव्हे. काठी घेतली.

उसाच्या कडेनं चाललो. मी खाकरलो, त्यानं डोळे वटारले. मी मोबाईलवर भजन लावलं, त्यानं बंद केलं. पाण्याशी पोचल्यावर खांदा दाबून मला खाली बसवलं. पाठीला ऊस. माझे पाय गार पडले. थंडी होतीच म्हणा.

करकोचे पाण्यात उभे होते, राखाडी, उंच, माना मुरडून. दगू त्यांच्याकडं बघत होता, मी उसाकडं. दिवस बुडाला. वस्तीवरची कुत्री भुंकत होती, ती एकदम गप झाली. टिटवी कलकलत उठली. मग उसातलं वाळलेलं पाचट वाजलं. थांबलं. पुन्हा वाजलं, जवळ.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, आवाज निघेना. मी दगूचं मनगट धरलं. त्यानं मागं पाहिलं, मग करकोच्यांकडं, मग माझ्याकडं.

आणि उठला. दोन्ही हात वर करून असा ओरडला की माझ्या कानठळ्या बसल्या. "थांबवा, गाडी थांबवा, माणूस हाय खाली." जन्मभर रेल्वेत जे ओरडला तेच तोंडात आलं. ऊस हलला, पिवळं काहीतरी आत सरकलं आणि पाचट लांब लांब वाजत गेलं. तेवढ्यात सगळं पाणीच उडाल्यासारखं झालं. करकोचे वर गेले, डोक्यावर एक फेरा घेतला आणि उत्तरेला लागले. दिसेनासे झाले तरी त्यांचा आवाज येत होता.

मी म्हणालो, उद्या येतील परत. तो म्हणाला, नाय येणार, निघालेच होते ते.

माझा हात धरून तो रस्ताभर मोठ्यानं बोलत राहिला. मनमाडचं बोलला, गेलेल्या बायकोच्या हातच्या भाकरीचं बोलला. गावात आलो, दिवे दिसले, भीती सरली, तरी थांबेना. त्याच्या दाराशी उभे राहिलो. हा कडीला हात लावेना.

"आता दिवाळीपातुर सांजेला कुठं जाऊ, नाना?"

माझं जेवण घरी वाढलेलं असणार होतं. मी कडी काढली, आतला दिवा लावला आणि चपला बाहेर काढून ठेवल्या.