बिनइंजिनाचे विमान उडविणेबाबत

विषय : श्री. नीलकंठ केकतपुरे, लिपिक, आस्थापना विभाग, यांस सुटीच्या दिवशी, स्वखर्चाने, मदन महलच्या टेकडीवरून बिनइंजिनाचे लहान विमान उडविण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा स्वतःचा अर्ज. (कोणीही मागितला नव्हता.)

वरील विषयास अनुसरून निवेदन करण्यात येते की, मी तो अर्ज केला नसता तर काहीही झाले नसते. वर्षभर दर रविवारी सकाळी मी टेकडीवर जात होतो, विमान उडवत होतो आणि घरी येऊन जेवत होतो. टेकडीवर शेळ्या चरत असत, त्यांनी कधी हरकत घेतली नाही. एकदा एक हवालदार आला. 'इसमें आदमी कहाँ बैठता है?' एवढेच त्याने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता विडी पेटवून तो निघून गेला. देशाचा कारभार सुरळीत चालू होता.

मग एकाहत्तर सालचा हिवाळा आला. लढाईची चिन्हे दिसू लागली. जबलपूर पडले लष्करी फॅक्टऱ्यांचे गाव. खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चढले. आमच्या फॅक्टरीच्या फाटकावर जेवणाचे डबे उघडून पाहू लागले. (माझी भाजी पाहून शिपायाने सहानुभूतीने झाकण लावून दिले.) अशा दिवसांत शहाणा माणूस विमान माळ्यावर टाकून गप्प बसला असता. पण मी आस्थापना विभागातला. आमच्याकडे ज्या गोष्टीला जावक क्रमांक नाही ती घडलेलीच नसते, आणि जिला परवानगी आहे ती कितीही मूर्खपणाची असली तरी चालते. लढाई लागली आणि कोणी विमान काढून घेतले तर? या भीतीने मी परवानगी मागायचे ठरवले.

विमानाविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्याचे बिनतारी यंत्र विलायतेतल्या साडूने दिले होते. सांगाडा मी पापडासारख्या हलक्या बाल्सा लाकडाचा स्वतः जोडला होता. त्याला इंजिन नाही. वारा टेकडीच्या उतारावर येऊन आपटतो, त्याला पुढे जायला वाट नसते म्हणून तो वर चढतो, आणि त्या चढत्या वाऱ्यावर विमान घारीसारखे तरंगत राहते. आपल्या हातात एक डबी असते, तिला एरियलची लांब तार आणि एकच बटण. बटण एकदा दाबले की विमान उजवीकडे, दोनदा दाबले की डावीकडे, सोडले की सरळ. शेपटीचे सुकाणू हलते ते विमानाच्या पोटातल्या पिळलेल्या रबराच्या जोरावर. दर दाबण्यागणिक थोडा पीळ खर्च होतो, म्हणून बटण काटकसरीने दाबायचे असते.

"एकाच बटणावर दोन्हीकडे वळते?" आमची बायको हेमलता म्हणाली होती. "म्हणजे तुमच्यासारखंच आहे."

पंख आधी कागदाचे होते. ते पहिल्याच रविवारी काटेरी झुडपांत फाटले. पुस्तकात लिहिले होते की, पंखांवर रेशीम ताणून बसवावे आणि वरून डोप नावाचे रोगण द्यावे. रेशीम ट्रंकेच्या तळाशी होते, पोपटी, बारीक कोयऱ्यांचे. हेमलता ती साडी कधी नेसत नसे. मी ती कापली, पंखांवर चढवली, वरून पिवळा रंग दिला, आणि साडी बोहारणीला दिली असे सांगितले. पुरावा म्हणून घमापूरच्या बाजारातून स्टीलचे पातेले विकत आणून ओट्यावर ठेवले. (सहपत्राशिवाय मी काही सादर करीत नाही.)

इथे चूक झाली. पातेले फार मोठे होते.

"एका जुन्या साडीवर एवढं पातेलं?" हेमलताने ते दोन्ही हातांनी उचलून पाहिले. "मला तर बोहारीण तीन साड्यांवर चहाची गाळणी देते. कोण आहे ही?"

"आहे एक."

"नाव काय तिचं?"

"बोहारणीला कोणी नाव विचारते का?"

"मग तुमच्यावर एवढी मेहेरबान काहून झाली?"

त्यात डोपचा वास तंतोतंत नखांना लावायच्या रंगासारखा. माझ्या शर्टाला तो कायम येत असे. रविवारची टेकडी, नखांच्या रंगाचा वास आणि उदार बोहारीण यांची बेरीज हेमलताने केली, आणि विमान हे निव्वळ निमित्त आहे असे तिचे मत झाले. पंख मी चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवत असे, त्यामुळे ते मत बदलायला आधार नव्हता.

अर्ज मात्र मी मन लावून लिहिला. विमानाचे वजन, लांबी-रुंदी, 'प्रेषक यंत्र, नग एक. ग्राहक यंत्र, नग एक'. मग मनात आले, साहेब विचारतील, टेकडीच्या जवळपास लष्करी महत्त्वाचे काही आहे का? त्यांना त्रास नको म्हणून मी नकाशा काढून जोडला. त्यात सगळ्या फॅक्टऱ्या, पूल, पाण्याच्या टाक्या आणि रेल्वे स्टेशने दाखवली, आणि प्रत्येकाचे टेकडीपासूनचे अंतर लिहिले. खाली टीप : 'अर्जदार या सर्व ठिकाणांपासून दूर राहील.'

आमचे बडे बाबू श्रीपादराव यांनी तो अर्ज चष्म्यातून वाचला, मग चष्मा काढून वाचला.

"काहून हो केकतपुरे, हे काय करून राहिले तुम्ही?"

"परवानगी मागतो आहे, बडे बाबू. थ्रू प्रॉपर चॅनेल."

"तुम्ही हे विमान आजवर उडवतच होते ना?"

"हो."

"कोणी काही म्हणालं?"

"नाही."

"मग?"

"म्हणून तर. कोणी म्हणायच्या आधी..."

श्रीपादरावांनी अर्जाला टाचणी मारली आणि तो सुरक्षा अधिकाऱ्यांकडे पाठवून दिला. टाचणी मारताना कागदाला बोट लागू नये याची ते काळजी घेत होते, असे मला वाटले.

त्यानंतर विभागात मी आलो की बोलणे थांबू लागले. शेजारचे भय्यासाहेब, रेल्वेतून निवृत्त आणि आता नागरी संरक्षणाचे वॉर्डन, दंडाला पट्टा बांधून रोज चहाला येऊ लागले. एका संध्याकाळी मी यंत्राचा पल्ला तपासत होतो. विमानाचे पंख नसलेले धड हेमलताच्या हातात देऊन तिला गल्लीच्या टोकाला उभे केले होते, आणि मी इकडून बटण दाबत होतो. शेपूट हलली की तिने ओरडून सांगायचे.

"उजवीकडे!" ती ओरडली. "आता डावीकडे! आता काहीच नाही!"

भय्यासाहेब कुंपणामागून उठले. "वहिनी, काय उजवीकडे?"

"मला काय माहीत? हे सांगतात तेवढं मी ओरडते."

"अच्छा," भय्यासाहेब म्हणाले, आणि त्यांनी खिशातली शिट्टी चाचपली. "नीलकंठराव, सहज विचारून राहिलो. पलीकडून कोणी उत्तर देतं का?"

लढाई सुरू झाली त्याच आठवड्यात सुरक्षा अधिकारी शैलेंद्र दुबे यांनी मला बोलावले. समोर माझा अर्ज. नकाशा उलगडून त्यावर चार पेपरवेट ठेवलेले.

"यह नक्शा आपने बनाया?"

"जी."

"फैक्टरियाँ, पुल, टंकियाँ, सब?"

"जी, यह दिखाने के लिए कि मैं इनसे दूर रहूँगा."

"यानी एक आदमी है. उसके पास ट्रांसमीटर है, और सारे निषिद्ध स्थानों की सूची है."

"अंतर के साथ, साहब."

"वह भी देखा."

"मीलों में है. किलोमीटर में चाहिए तो अलग से लगा दूँ?"

दुबे साहेब खुर्चीत मागे टेकले. "केकतपुरेजी, आप पहाड़ी पर असल में क्या करते हैं?"

"विमान उड़ाता हूँ."

"वह तो लिखा है. असल में?"

घरी आल्यावर हेमलतानेही नेमके हेच विचारले. माझ्या विमानावर विश्वास ठेवणारे साऱ्या जबलपुरात कोणी उरले नव्हते. सगळ्यांना ते कशावर तरी घातलेले पांघरूण वाटत होते. एवढा बाप्या माणूस नुसते विमान उडवतो, यापेक्षा तो हेर आहे किंवा बोहारणीच्या नादी लागला आहे, हे लोकांना सहज पटत होते.

शेवटी दुबे साहेबांनी हुकूम काढला : रविवारी टेकडीवर प्रात्यक्षिक. ठीक झाले तर विमान माझे, नाहीतर जप्त.

"मी पण येते," हेमलता म्हणाली.

"तिथं चढण आहे. तू तर म्हणायची, गुडघे दुखतात."

"दुखू द्या. कोण असते तिथं ते मला एकदा बघायचंच आहे."

रविवारी टेकडीवर दुबे साहेब, श्रीपादराव, शिट्टीसह भय्यासाहेब आणि प्रत्येक खडकामागे डोकावून बघणारी हेमलता, असा ताफा जमला. शेळ्या बाजूला झाल्या. मी रबराला पीळ दिला, पंख जोडले, वाऱ्याकडे तोंड केले आणि विमान सोडले.

ते जरा खाली गेले, मग उताराचा वारा त्याच्या पोटाखाली आला आणि ते सावकाश वर चढू लागले. आवाज नाही, धूर नाही. काळ्या खडकांवरून ते पिवळे विमान आमच्या डोक्यावर आले, वळले, पुन्हा वाऱ्यात जाऊन उभे राहिले. भय्यासाहेबांच्या तोंडातली शिट्टी गळून पट्ट्यावर लोंबू लागली.

"अगं बाई, खरंच उडते की हो!" हेमलता म्हणाली. वर्षभरात माझ्याबद्दल निघालेला हा तिचा पहिला बरा उद्गार.

"बस एक बटन?" दुबे साहेबांनी विचारले. त्यांचा आवाज बदलला होता.

"जी. पण जरा जपून, साहब, रबर का पीळ..."

"लाइए, लाइए."

साहेबांनी डबी घेतली आणि बटण दाबले. विमान उजवीकडे वळले. साहेब लहान मुलासारखे हसले. पुन्हा दाबले. पुन्हा पुन्हा दाबले. "देखिए, श्रीपादजी! हमारी सुनता है!" श्रीपादराव टाळ्या वाजवत होते. (वरिष्ठांच्या यशावर ते नेहमीच वाजवतात.) मी 'साहब, बस' म्हणेपर्यंत पीळ संपला. सुकाणू उजवीकडे वळलेले तसेच अडकले. विमान गिरक्या घेत घेत खाली आले आणि हेमलताच्या पायाशी, काटेरी झुडपात घुसले.

तिने ते हळूच सोडवले. पंख उभा फाटला होता. पिवळ्या रंगाच्या आतून पोपटी रेशीम बाहेर आले होते. बारीक कोयऱ्या स्वच्छ दिसत होत्या.

"अहो," ती फार शांतपणे म्हणाली, "ही माझी साडी आहे."

"क्या है यह?" दुबे साहेब पुढे आले.

"मेरी साड़ी है, भैया. ये तो बोले थे, बोहारिन को दे दी."

"और बोहारिन?"

"हाँ, तेच विचारून राहिली मी. आणि ते पातेलं?"

"घमापुरातून विकत आणलं," मी म्हणालो.

हेमलताचा चेहरा उजळला. पाठोपाठ तो लाल झाला. "म्हणजे बोहारीण नव्हतीच? आणि मी वर्षभर शर्टाचे वास घेऊन राहिले! आईनं दिलेली साडी होती ती, नेसत नव्हते म्हणून काय पंखाला गुंडाळायची?" मग तिने साहेबांकडे वळून माझी बाजू घेतली. "साहेब, ये सचमुच विमानच उड़ाते हैं. हेर वगैरे काही नाही. इनको इतनी अक्कल नहीं."

मी कृतज्ञतेने मान हलवली. माझे विमान आता परत माझ्या हातात येणार होते. पण दुबे साहेब पंखाकडे बघत होते.

"बहनजी, कितने दिन तक आपको पता नहीं चला?"

"साल भर."

"एक ही घर में?"

"माळ्यावर होते ना पंख!"

"और सबूत के लिए इन्होंने झूठा बर्तन भी रखा?"

"बड़ा-सा! माझं सगळं दूध मावतं त्यात."

दुबे साहेबांनी सुस्कारा सोडला. "श्रीपादजी, आप ही बताइए. जो आदमी अपनी पत्नी से उसी की साड़ी साल भर छुपा ले, वह क्या नहीं छुपा सकता? मैं तो इन्हें सीधा आदमी समझ रहा था."

"मी पण," श्रीपादराव म्हणाले, आणि एक पाऊल मागे सरकले. भय्यासाहेबांनी आता कुठे शिट्टी वाजवली.

विमान जप्त झाले. फाटलेल्या पंखासह ते फॅक्टरीच्या भांडारात गेले. लढाई पंधरवड्यात संपली, काळे कागद निघाले, भय्यासाहेबांनी पट्टा उतरवला. मी विमान परत मिळण्यासाठी अर्ज केला. (नकाशा जोडला नाही.) तो दुबे साहेबांकडे गेला आणि त्यांनी त्यावर लिहिले : 'अर्जदार कितपत विश्वासू आहे याबद्दल आस्थापना विभागाने अभिप्राय द्यावा.'

श्रीपादरावांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली.

"हे काय, बडे बाबू?"

"आडनाव 'क' पासून ना? 'क' ते 'घ' तुमचंच टेबल आहे."

"पण अर्जदार मीच आहे."

"म्हणून काय झालं? नियमात असं कुठं लिहिलं आहे की अर्जदार टेबलावर बसू शकत नाही? लिहा अभिप्राय, चलो."

मी फाइल उघडली आणि नेहमीप्रमाणे पहिल्या पानापासून तटस्थपणे वाचू लागलो. इसमाजवळ प्रेषक यंत्र. लढाईच्या तोंडावर निषिद्ध स्थळांची यादी, अंतरांसह. गल्लीत सांकेतिक ओरडा. बायकोची फसवणूक. खोटे पातेले. जसजसा पुढे वाचत गेलो तसतसा मला त्या माणसाचा संशय येऊ लागला. चांगले लिहावे अशी फार इच्छा होती. पण नोकरीत इतकी वर्षे काढलेल्या लिपिकाच्या हातून असल्या कागदांवर शिफारस होत नाही.

मी लिहिले : 'प्रकरण संशयास्पद वाटते. अधिक चौकशी व्हावी.' खाली सही केली आणि फाइल वर पाठवली.

त्यानंतर यथावकाश मी निवृत्त झालो. चौकशी पूर्ण झालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.