अनसूयाबाईंनी दोन पेठांची एक फौज केली त्याची हकीकत

श्री. ज्याने पृथ्वी गोल केली आणि चेंडूही गोल केला, त्यास प्रथम नमस्कार असो. आज्ञा जाहली की, कॉलेजाची फुटबॉलाची फौज कैसी बुडाली आणि कोणी वर काढिली हे साद्यंत लिहून ठेवावे, त्यावरून जे डोळ्यांनी पाहिले व खात्रीच्या माणसांनी सांगितले तेवढेच लिहिले असे.

शके १९४५, शोभन नाम संवत्सर, श्रावणमास. ते समयी दक्षिणेकडे उसाच्या मुलखात नदीकाठी एक राज्य होते, आणि तेथील लोक भाकरीवाचून एक दिवस काढतील परंतु फुटबॉलावाचून काढणार नाहीत ऐसी त्यांची ख्याती होती. राज्यात दोन पेठा, एक वरली व एक खालली, आणि दोहोंच्या दोन तालमी, आणि तालमींचे दोन संघ, आणि त्यांचे वैर आज्यापणज्यापासून चालत आलेले. इतके की वरल्या पेठेची लेक खालल्या पेठेत दिली तर सामन्याच्या दिवशी ती माहेरी येऊन बसे आणि दुसरे दिवशी सासरी जाई. टेकडीवर कॉलेज होते. पूर्वी त्याचा जांभळा शर्ट पाहताच परमुलखीचे संघ कंप पावत, परंतु अलीकडे पराभवामागून पराभव जाहला, आणि मागील साली पूर्वेकडील कॉलेजाने आमचे फौजेवर नऊ गोल चढविले, आणि नववा गोल जाहला तेव्हां शत्रूकडील प्रेक्षकांनी आमचे गोलकीपराकरिता दयेने टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या नऊ गोलांहून भारी पडल्या. मग पोरे जांभळा शर्ट पिशवीत दडवून बाजारातून जाऊ लागली, आणि संस्थेच्या थोर मंडळींनी मसलत केली की ही फौज मोडावी आणि मैदानावर फरशी घालून गाड्या उभ्या करण्यास जागा करावी. प्राचार्य माधवराव हुद्दार तरुणपणी त्याच मैदानावर खेळिले होते. त्यांचा जीव कळवळला आणि ते सभेत उभे राहून बोलिले, "एक साल द्या. नवा सेनापती आणतो. नाही जमलं, तर पहिली फरशी मी माझ्या हातानं बसवतो." मंडळींनी साल दिले, आणि माधवरावांनी सेनापती म्हणोन अनसूयाबाई शिपुगडे यांस आणिले.

अनसूयाबाई दुष्काळी मुलखातील. एके काळी प्रांताच्या बायकांच्या संघाच्या गोलकीपर होत्या, मग गुडघा मोडला आणि खेळ सुटला, मग प्रशिक्षकाच्या परीक्षेत अव्वल आल्या, परंतु पुरुषांची फौज त्यांच्या हाती कोणी दिली नव्हती. पहिले दिवशी मैदानाबाहेरच्या टपरीवर चहा घेत होत्या आणि पाठीमागून टपरीवाला बोलिला, "बाई शिकवणार व्हय आमच्या पोरास्नी? आता फरशी पक्की!" आणि सर्व हसले. बाईंनी ऐकिले, चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याल्या, पेला खाली ठेविला आणि मैदानात गेल्या. परंतु त्यांस भीतीही होती, कारण हे साल फुकट गेले तर दुसरे कोणी त्यांस दारात उभे करणार नाही हे त्या जाणत होत्या.

पहिले दिवशी त्यांणी काहीच शिकविले नाही. गोलाच्या जाळीमागे उभ्या राहिल्या, कारण गोलकीपरास सर्व मैदान समोर दिसते ती सवय, आणि पोरांस आपसांत खेळू दिले. फौजेचा कप्तान दिलावर मुजावर, वरल्या पेठेचा, छाती दाराएवढी आणि पायात तोफ. डाव्या बगलेस इंद्रजित सासने, खालल्या पेठेचा, अंगाने काडी परंतु धावला म्हणजे वाऱ्यास मागे टाकील. बाईंनी पाहिले की पोरांच्या पायात कसब आहे, दम आहे, आणि तरी खेळ म्हणोन काही होत नाही. इंद्रजित डावीकडे एकटा मोकळा उभा, हात वर केलेला, आणि दिलावराने त्याकडे पाहिले आणि मग लांबून स्वतःच तोफ डागिली, आणि चेंडू कुंपणापलीकडे. ऐसे पुनःपुन्हा जाहले. मग बाईंनी शिटी वाजविली आणि कप्तानास पुसिले, "डावीकडचा मोकळा होता, दिसला नाही?"

"दिसला की."

"मग दिला का नाहीस?"

दिलावर चकित होऊन पाहत राहिला, जैसे कोणी सूर्य उगवतो कोठे ऐसे पुसावे, आणि बोलिला, "मॅडम, तो खालल्या पेठेचा हाय."

मग बाईंस सर्व उमगले आणि भीती होती तिच्या जागी चेव आला, कारण रोग कळला होता. राज्यातील कोणास तो दिसला नाही, कारण सर्वांस तोच जडला होता. दुसरे दिवशी बाईंनी हुकूम फर्माविला की, आजपासून ज्या पेठेचा पाय गोल मारील त्यास शेवटचा पास दुसऱ्या पेठेच्या पायाने दिलेला असला पाहिजे, न पेक्षा गोल मोजिला जाणार नाही. पोरे हसली. आणि मग त्यांणी काय केले, तर गोल करणेच सोडिले! वैऱ्यास पास देण्यापेक्षा बिनगोलाचे राहणे बरे ऐसा हट्ट, आणि रोज सायंकाळी घामाने निथळून घरी जात, आणि फळ्यावर भोपळाच. माधवराव गॅलरीतून पाहत आणि कपाळाचा घाम पुसत. एके दिवशी येऊन बोलिले, "बाई, एवढा नियम सैल करा हो, पोरं गोल मारायचं विसरतील." बाई बोलिल्या, "सर, ती अजून शिकलीच नाहीत, विसरतील काय?"

मग एके सायंकाळी दिलावर गोलासमोर मोकळा उभा राहून "दे, दे" म्हणोन ओरडत होता, आपल्याच पेठेच्या पोरावर, परंतु त्या पोराकडून चेंडू निसटून इंद्रजिताचे पायी आला होता, आणि ते ओरडणे ऐकून इंद्रजिताचे डोके फिरले. "घे! घे आन् मर!" ऐसे म्हणोन त्याने रागाने चेंडू त्याच्या अंगावर फेकिला. तो रागाचा पास इतका नेमका आला की दिलावराने विचार करण्याअगोदरच पाय फिरविला आणि जाळी फाटावी ऐसा गोल जाहला. आणि मग दोन्ही पेठांची पोरे एकदम गर्जली, उड्या मारिल्या, कोणी कोणाच्या गळा पडिले, आणि गळा कोणाचा हे ध्यानी येताच लाजून दूर जाहले. बाईंनी पाठ फिरविली, कारण डोळ्यांत पाणी आले होते आणि सेनापतीने ते दाखवू नये.

तेथून फौजेचे नशीब फिरले. कॉलेजांच्या स्पर्धेतील पहिली लढाई एका गोलाने गमाविली, परंतु शत्रू दमून खाली बसला. दुसरी बरोबरीत सुटली. मग तिसरी जिंकिली, आणि मग जिंकणे ही सवय जाहली. दिलावर मध्ये तोफ होऊन राही आणि इंद्रजित बगलेवरून घोडदळ होऊन सुटे. बाजारात जांभळे शर्ट दिसू लागले. तोच टपरीवाला बाईंस पाहून उठून उभा राहिला आणि बोलिला, "मॅडम, बसा की, गरम भजी काढतोय." बाई बसल्या आणि भजी खाल्ली. ऐसे करीत पौषमासी फौज अंतिम लढाईस पोहोचली, आणि समोर कोण, तर तेच पूर्वेकडील कॉलेज, ज्याने नऊ गोल चढविले होते, आणि लढाई त्यांच्याच मैदानावर.

परंतु विघ्न घरातून आले. अंतिम लढाईच्या दुसरेच दिवशी दोन तालमींचा वार्षिक सामना नेमला होता, आणि वरल्या तालमीचे तातोबा वस्ताद यांणी फर्माविले की, आमची पोरे कॉलेजाकरिता पाय झिजविणार नाहीत. हे ऐकून खालल्या तालमीनेही तेच केले. दिलावर बाईंकडे आला आणि खाली पाहून बोलिला, "मॅडम, वस्तादांचा शब्द मला मोडता यायचा न्हाई. मी तालमीतच वाढलोय." बाईंनी त्यास दोष दिला नाही. त्या स्वतः उठल्या आणि वरल्या तालमीकडे चालत गेल्या. आत हौद्यात लाल माती, तेथे बायकांनी जाण्याचा रिवाज नाही, म्हणोन उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या, आणि तातोबा वस्ताद, मिशा पांढऱ्या आणि कान मोडलेले, बाहेर आले.

"पोराचा पाय मोडला तर मी पेठेला काय तोंड दाखवू?" वस्ताद बोलिले.

"बरोबर आहे तुमचं," बाई बोलिल्या. "माझाही गुडघा मोडलाय, मला ठाऊक आहे काय जातं ते. एकच सांगते आणि निघते. नऊ गोल झाले तेव्हा तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी वरली पेठ, खालली पेठ असं विचारलं नाही. ते म्हणाले, ह्या गावाला खेळता येत नाही."

वस्तादांचा हात मिशीवर थांबला. "गावाला म्हणाले?"

"गावाला."

वस्ताद घोगऱ्या आवाजाने बोलिले, "घेऊन जावा पोरं. पर खालच्यांची येत असतील तरच. आमचीच तेवढी का म्हणून झिजावीत?" बाई तेथून तडक खालल्या तालमीकडे गेल्या, आणि तेथील पंचांनी सर्व ऐकून घेतले, दात खाल्ले, आणि बोलिले, "नेवा. पर वरच्यांची येणार असतील तरच!" तेव्हां बाईंस इतके हसू आले की भर रस्त्यात भिंतीस टेकून उभ्या राहिल्या.

मग लढाईचा दिवस उगवला आणि फौजेने कूच केले, आणि मागून दोन्ही पेठा ट्रकांत भरून, हलग्या कडाडत, पिपाण्या वाजवीत निघाल्या, आणि परमुलखी पोहोचून दोन बाजूंस वेगवेगळ्या बसल्या. शिटी वाजली. शत्रू बळकट, त्यांणी आरंभीच गोल केला, आणि मध्यंतरास आमची पोरे माना घालून आली. बाईंनी मनात मोठे भाषण योजिले होते, परंतु ते सोडून इतकेच बोलिल्या, "मोकळा कोण आहे ते बघा. बाकी काही बघू नका." मग दुसऱ्या डावात आमचा बचावाचा गडी कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर उडाला आणि डोक्याने गोल केला, आणि बरोबरी जाहली, आणि हलग्यांनी आकाश फाटले.

वेळ सरत आली. चेंडू दिलावराचे पायी, समोर शत्रूचे दोघे, तोफ डागण्याची जागा होती. परंतु त्याने डावीकडे पाहिले आणि चेंडू दिला. इंद्रजित एकटा, समोर फक्त गोलकीपर. दोन्ही पेठा उभ्या राहिल्या. आणि इंद्रजिताने चेंडू आडव्या खांबावरून आभाळात घातिला. मग वरल्या पेठेतून कोणी ओरडला, "मुद्दाम घातला! खालल्याच्या पायात दिलाच कशाला?" आणि खालल्या पेठेतून शिव्या उलटल्या, आणि माणसे बाह्या सारून एकमेकांकडे निघाली. श्रावणापासून जे एकेक धाग्याने विणिले ते एका फटक्यात उसवले ऐसे बाईंस वाटले. मैदानात दिलावर धावत इंद्रजिताकडे निघाला, आणि सर्वांस वाटले की आता मारतो. त्याने त्याची मान धरिली, कपाळास कपाळ लाविले आणि बोलिला, "पुन्हा देणार हाय. पळ."

"मला नगं. तूच मार."

"पळ म्हणतोय न्हवं!"

बाह्या सारलेली माणसे जागच्या जागी उभी राहिली, कारण ऐसे काही त्यांणी जन्मात पाहिले नव्हते. आणि शत्रूची लाथ चुकली, आणि चेंडू पुन्हा दिलावराचे पायी आला, आणि त्याने मान वर न करिता डाव्या बगलेस दिला, आणि इंद्रजित पळतच होता, पळता पळता त्याने चेंडू जमिनीसरसा घासून दूरच्या खांबाआत घातिला. गोल! शेवटची शिटी वाजून लढाई फत्ते जाहली, आणि अनसूयाबाई मोडका गुडघा विसरून मैदानात धावल्या. गुलाल उडाला. माधवराव हुद्दार शत्रूच्याच प्राचार्यांच्या गळा पडून रडिले. तातोबा वस्तादांनी शेजारच्या माणसास उचलून घेतले, आणि मग पुसिले, "तू कुठला रं?"

"खालल्या पेठेचा."

"असू दे, असू दे," वस्ताद बोलिले आणि त्यास खाली ठेविले नाही.

दुसरे दिवशी तालमींचा सामना जाहला. दिलावर वरल्या संघात, इंद्रजित खालल्या संघात, गत दिवसाचे दमलेले, परंतु पेठेचा मान म्हणोन जिवावर उदार होऊन खेळिले. बाई गॅलरीत शेंगा खात बसल्या होत्या. सामना बरोबरीत रखडला होता, आणि दिलावराचे पायी चेंडू आला, आणि समोर गर्दी, आणि त्याने डावीकडे पाहिले. तेथे एक मोकळा गडी धावत होता. आणि दिलावराने सवयीने चेंडू त्यास दिला, नेमका, लोण्यासारखा. तो गडी इंद्रजित होता. इंद्रजित क्षणभर चेंडूकडे पाहत राहिला, परंतु पेठेचा धर्म तो पेठेचा धर्म, त्याने वळून वाट काढिली आणि गोल मारिला. तातोबा वस्तादांनी डोके हातांत धरिले. आणि मग कोठून तरी एक हसू फुटले, आणि ते पसरले, आणि दोन्ही पेठा पोट धरून हसू लागल्या, आणि मैदानाच्या मध्यावर दिलावर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता आणि तोही हसत होता. बाईंच्या मांडीवरल्या शेंगा सांडल्या आणि त्यांस ते कळलेही नाही.

येणेप्रमाणे वर्तमान. वरली पेठ त्या सामन्यात एका गोलाने हरली, आणि दिलावरास पेठेत बहुत दिवस कोणी चहा पाजिला नाही. मैदानावर फरशी बसली नाही. अनसूयाबाई सेनापतीपदी कायम जाहल्या. आणि दोन पेठांचे वैर मिटले काय, म्हणोन कोणी पुसिल्यास, नाही मिटले. परंतु टेकडीवरल्या मैदानात मोकळ्या माणसास पास मिळतो, तो कोणत्या पेठेचा हे न पुसता.