चौथी रिंग

बैठकीच्या खोलीत त्या दिवशी बारा चटया होत्या, बारा माणसं होती, एक काशाची वाटी होती आणि एक लोखंडी पेटी. पेटीत चौदा फोन. माणसं बारा आणि फोन चौदा कसे? तर एक दाराबाहेर बसलेल्या शिपाईमामांचा, आणि एक कोणाचाच नाही, म्हणजे मदतीचा. पेटीला चार आकडी कुलूप. खिडक्या तीन, तिन्ही बंद. पंखे दोन, पैकी एक चालू. दुसरा लावला की दाढदुखी झाल्यासारखा कण्हायचा, आणि आज तर मनःशांतीचा दिवस!

ही मोजदाद जिने केली तिला कार्यालयात सगळे मोजपट्टी म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं. वय सव्वीस, आधी पदवी रसायनशास्त्राची, मग समाजकार्याची, आणि नोकरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करण्याची. आल्यापासून तीन महिन्यांत तिने पाहिलं होतं की सहकाऱ्यांपैकी दोघींना गोळीशिवाय झोप येत नाही, एकीला जिन्यात रडू फुटतं आणि कारकून जेवणाचा डबा आणतो तसाच परत नेतो. त्यावर तिने सहा पानांचं टिपण लिहून काढलं. एक तास सजग श्वसन. आधी आणि नंतर प्रत्येकाची नाडी मोजायची.

"सरासरी निदान सहा ठोक्यांनी उतरणार," ती म्हणाली. "नाही उतरली तर नाव बदलीन!"

"कुठलं?" थोरल्या बाईंनी विचारलं. "आईवडिलांनी ठेवलेलं की आम्ही?"

थोरल्या बाई एकवीस वर्षं या कामात होत्या आणि तेवढीच वर्षं कोणत्याही टिपणावर त्यांचा विश्वास नव्हता. पण खरा प्रश्न त्यांनीच काढला. "मदतीचा फोन कोण बघणार?"

प्रश्न साधा नव्हता. यादीत एकतीस म्हातारी माणसं होती. प्रत्येकाने सकाळी नऊ ते अकराच्या मधे केव्हाही फोन करायचा, तीन रिंगा वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. तीन रिंगा म्हणजे, मी जिवंत आहे. उचलायचा नाही. चौथी रिंग वाजली तर हातातलं टाकून उचलायचा, कारण चौथी रिंग म्हणजे काहीतरी झालंय. ही पद्धत बसवली होती यादीतल्याच तारवाल्या आजींनी. आयुष्य तारखात्यात गेलेलं, वय त्र्याऐंशी, घरात दुसरं माणूस नाही. नवी असताना मोजपट्टीने एकदा मायेने दुसऱ्याच रिंगेला त्यांचा फोन उचलला होता.

"आजी, बऱ्या आहात ना?"

"आत्तापर्यंत होते! पोरी, ठरलेलं असतं ते पाळावं. गप्पाच मारायच्या असत्या तर मी लग्न केलं असतं."

तर हा फोन पेटीत टाकायचा की बाहेर ठेवायचा? सत्र घ्यायला आलेले गृहस्थ इतके मऊ बोलत की त्यांच्यापुढे कापूसही खरखरीत वाटावा. आल्यापासून दहा मिनिटांत त्यांचं नाव श्वाससर पडलं. मोजपट्टीने त्यांना चौथ्या रिंगेची सगळी हकीकत सांगितली. आमची माणसं घरी गेल्यावरही मनात चार मोजत बसतात, म्हणाली.

"वा," श्वाससर म्हणाले. "याचा छान उपयोग करून घेता येईल. पण फोन पेटीतच. एक फोन बाहेर राहिला की बारा मनं बाहेर राहतात."

मोजपट्टीने नोंदी काढल्या. गेल्या नव्वद दिवसांत अकरा ते बाराच्या दरम्यान चौथी रिंग दोनदा वाजली होती. एकदा एक आजोबा फोन ठेवायला विसरले होते आणि एकदा फोनवर मांजर बसलं होतं. म्हणजे शक्यता सव्वादोन टक्के, आणि तीही मांजर धरून! तिने फोन पेटीत टाकला. टेबलावरच्या फोनची वायरही काढून ठेवली. कोणाला मोह होऊ नये म्हणून कुलपाचा आकडा शिपाईमामांनाच लावायला सांगितला.

"कोणाला सांगू नका हं, मामा."

"मेलो तरी नाही," मामा म्हणाले.

अकराला सगळ्यांच्या नाड्या झाल्या. सरासरी चौऱ्याऐंशी. मोजपट्टीने सूचना दिली, "मधे एकदा मुद्दाम व्यत्यय आणणार आहे. काहीही ऐकू आलं तरी हलायचं नाही. फक्त ऐकायचं." मग श्वाससरांनी वाटीवर टोला दिला आणि बारा जण डोळे मिटून बसले.

अकरा सोळाला पेटीत फोन वाजला.

एक. दोन. तीन.

चार.

थोरल्या बाईंचा गुडघा उचलला गेला. मग त्यांना सूचना आठवली. मनात म्हणाल्या, काय बेरकी पोरगी आहे! व्यत्यय आणायचा तर नेमका हाच आणला! आणि त्यांनी गुडघा परत खाली ठेवला. इतरांनीही अशीच मनातल्या मनात दाद दिली.

मोजपट्टीला वाटलं, हे श्वाससरांचं. छान उपयोग करून घेता येईल, म्हणालेच होते.

श्वाससरांना वाटलं, हा मोजपट्टीचा ठरलेला व्यत्यय. "आवाज येतोय," ते दुधावरच्या सायीसारखं म्हणाले. "येऊ द्या. त्याला नाव देऊ नका. त्याच्यामागे धावू नका."

कोणी धावलं नाही.

फोन थांबला. पुन्हा लागला. लोखंडी पेटीत तो डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा घुमत होता. पाच वेळा वाजला. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजपट्टीने मोजलं: एकशे चार रिंगा. शेवटच्या फेरीपर्यंत खोली अशी काही निवली होती की कारकून चक्क घोरायला लागला. मोजपट्टीला मानेत स्वतःची नाडी लागत होती. बहात्तर! सत्र कमालीचं यशस्वी होत होतं.

साडेअकराला दाराबाहेर मामांनी, ठरल्याप्रमाणे, जिन्यावरून पत्र्याचा भलामोठा ट्रे सोडला. ट्रे सतरा पायऱ्या उतरला आणि प्रत्येक पायरीला त्याने हाक मारली.

खोलीत एकेक डोळा उघडला.

"हे काय होतं?" थोरल्या बाईंनी विचारलं.

"व्यत्यय," मोजपट्टी म्हणाली. "माझा."

"मग मघाचा?"

मोजपट्टीने श्वाससरांकडे पाहिलं. श्वाससर तिच्याकडेच पाहत होते.

"तो तुमचा नव्हता?" ते म्हणाले. आवाजातली साय उडाली होती.

"मला वाटलं तुमचा!"

कारकून अजून घोरत होता. थोरल्या बाई त्याच्या पोटावरून पलीकडे गेल्या. "मामा! आकडा!"

मामा धावत आत आले. कपाळावर हात मारला. मग दुसरा हात मारला. "कागदावर लिहून ठेवलाय."

"कागद कुठाय?"

"माझ्या फोनच्या कव्हरात."

"आणि फोन?"

मामांनी पेटीकडे पाहिलं.

फोन कोणाचा होता ते पेटीलाच माहीत. तोवर तो एकतिसांपैकी कोणाचाही असू शकत होता, आणि एकतीस घरी पळायला माणसं होती तेरा. दचकून उठलेल्या कारकुनाने शून्य-शून्य-शून्य-शून्यपासून आकडे फिरवायला सुरुवात केली. एका आकड्याला दोन सेकंद, म्हणजे सगळे संपायला साडेपाच तास, हे मोजपट्टीच्या तोंडून निघून गेलं.

"गप्प बस!" एकवीस वर्षांत पहिल्यांदाच थोरल्या बाई ओरडल्या आणि त्यांनी भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उचलून कुलपावर घातलं. एकदा. दोनदा. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं आणि नळकांडंही फुटलं. पांढरी पूड फसकन उडाली आणि खोलीतली माणसं पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी झाली.

अकरा अडतीस. मोजपट्टीने फोनची काच बाहीने पुसली. तारवाल्या आजी. पाच वेळा.

परत लावला. वाजत राहिला. उचलला नाही.

मामांनी गाडी काढली, थोरल्या बाईंनी रुग्णवाहिकेला पत्ता सांगितला. कारकून मागच्या सीटवर मोजपट्टीचं मनगट धरून बसला होता. धीर द्यायला म्हणून धरलं होतं, पण सवय वाईट.

"एकशे बत्तीस," तो हळूच म्हणाला.

दुसरी किल्ली कार्यालयाकडे असायची. दार उघडलं तेव्हा आजी स्वयंपाकघरात कपाटाला टेकून जमिनीवर पडल्या होत्या. फोन उजव्या हातातून सटकून कपाटाखाली गेलेला. तोंड एका बाजूला उतरलेलं. दारात तीन पांढरी फटक माणसं उभी राहिलेली त्यांनी पाहिली.

"आलात न्यायला?" त्या म्हणाल्या. शब्द एका कडेने सांडत होते. "मला वाटलं होतं, वरची माणसं जरा नीटनेटकी असतील."

"आजी, मी! मी आहे!" मोजपट्टी गुडघ्यांवर बसली. डोक्यात दुसरं काहीच उरलं नव्हतं, म्हणून तिच्या तोंडून निघालं, "घाबरू नका. श्वासाकडे लक्ष द्या."

"तेच करत होते," आजी म्हणाल्या. "दुसरं कामच ठेवलं नव्हतंत."

"रुग्णवाहिकेला का नाही हो लावला?" थोरल्या बाई रडत होत्या. पूड ओली होऊन गालांवर थिजत होती.

"चौथ्या रिंगेला उचलायचं ठरलंय ना? मी ठरलेलं पाळते."

रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, सुरू कधी झालं? याचं उत्तर इतकं बिनचूक देणारे नातेवाईक त्यांना क्वचितच भेटले असतील. अकरा सोळाच्या जरा आधी. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं गेलं.

"वेळेच्या मर्यादेत दिलंय," डॉक्टर म्हणाले. "पण मर्यादेत म्हणजे वेळेवर असं नाही. डावा हात गेलाय. बघू किती परत येतो."

"बावीस मिनिटं आमच्याकडे गेली," मोजपट्टी म्हणाली. "सोळा ते अडतीस. बावीस मिनिटांनी किती फरक पडला असेल?"

"एका माणसाचं तसं सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेही नाही."

"टक्केवारी?"

डॉक्टरांनी तिच्या पांढऱ्या भुवयांकडे पाहिलं. "घरी जा. अंघोळ करा."

ती गेली नाही. आजी डावऱ्या होत्या, हे तिला तिथेच बाकावर बसून, आजींच्या पिशवीत निघालेल्या तारखात्यातल्या जुन्या फोटोतून कळलं. फोटोत यंत्राच्या बटणावर हात होता. डावा.

त्यानंतर ती दर गुरुवारी व्यायामाच्या खोलीत जायला लागली. हे टिपणात कुठेही नव्हतं. चौथ्या गुरुवारी आजींनी विचारलं, "काय गं ते, तुम्ही सगळे ज्याच्यात बुडला होतात? श्वासाचं?"

"नको ना, आजी."

"नको काय? माझ्या हातावर काढलंत, मला दाखवायला काय जातं? शिकव."

मग मोजपट्टी शिकवायला लागली. डोळे मिटा. लक्ष पायांवर आणा. गुडघ्यांवर. आता डाव्या हातावर.

"काय जाणवतंय?"

"काही नाही."

श्वाससर अशा वेळी काय सांगतात ते तिला पाठ होतं, आणि ते सांगताना तिचा आवाज फुटला. "मग त्या... काही नाहीकडे लक्ष द्या."

आजींनी एक डोळा उघडला. "या थापेवर तुमच्या कार्यालयात बारा माणसं बसली?"

"बसली."

"बरं," आजी म्हणाल्या आणि डोळा पुन्हा मिटला. "पुढे सांग. रडतेस कशाला? सूचना नीट ऐकू येत नाहीत."

सातव्या गुरुवारी व्यायाम घेणाऱ्या बाईंनी पकड मोजायचं यंत्र आणलं. मूठ आवळायची, काटा पुढे सरकतो. आजींनी आधी उजव्या हाताने आवळलं. मग बाईंनी डाव्या हाताची बोटं एकेक करून दांड्यावर ठेवली.

"हं. दाबा."

आजींनी दाबलं. मानेची शीर वर आली, ओठ पांढरा पडला. आठ सेकंद. मोजपट्टी काट्यावर वाकली. मग यंत्र उलटं करून मागची पट्टी वाचली आणि वहीत लिहिलं.

उजवा हात: तेरा किलो. डावा हात: शून्य पूर्णांक चार किलो. यंत्रातली संभाव्य चूक: अधिक-उणे शून्य पूर्णांक पाच किलो.