फॅनवालं रफू

नंबर आपल्या हातून चुकायचा नाही, हे वाक्य चष्मेवाले प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत, आणि गिऱ्हाईक नसलं तर आरशाला. रोज दुकान उघडलं की भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर उभं राहायचं, एका डोळ्यावर तळवा ठेवायचा आणि वरच्या मोठ्या अक्षरांकडे ढुंकूनही न बघता थेट शेवटची ओळ म्हणायची. "न, ठ, ग, र, प." मग दुसरा डोळा. "न, ठ, ग, र, प. आहे का कुणाची या वयात अशी नजर?" दुकानात तेव्हा कुणीच नसे, त्यामुळे कुणाची नसेच.

अशा माणसाच्या घरातच दिव्याखाली अंधार निघावा, याला काय म्हणायचं?

त्यांची बायको रफू करायची. दुकानामागच्या खोलीत खिडकीशी बसून कोटाचं भोक असं बुजवायची की मालकच विचारायचा, भोक होतं तरी कुठे. काम सगळं डोळ्यांचं, त्यामुळे डोळ्यांची तिला भारी धास्ती. तिच्या आईची दृष्टी हळूहळू गेली होती. शेवटी शेवटी ती आपल्या मुलींना आवाजावरून ओळखायची.

कामातून उठलं की बाईंचा एकच शौक. त्या आणि परगावची धाकटी बहीण, दोघी आपापल्या घरून कॉम्प्युटरवर मिळून नावाड्याचा एक खेळ खेळायच्या. लहानपणी हाच खेळ टीव्हीला जोडून दोघींनी इतका खेळला होता की बटणं झिजली होती. आता तो कॉम्प्युटरसाठी पुन्हा निघाला तेव्हा त्यांना माहेर परत मिळाल्यासारखं झालं. होडी न्यायची, काठावरच्या पाट्या वाचायच्या आणि माल बरोबर धक्क्यावर उतरवायचा, एवढाच खेळ.

पण पाट्या वाचता येईनात. नदी धुण्याच्या पाण्यासारखी, झाडं कापसाच्या बोळ्यांसारखी. होडी भलत्याच धक्क्याला लागायची आणि फोनवरून धाकटी ओरडायची, "ताई, एवढी मोठी पाटी दिसत नाही तुला?"

म्हणजे तिला दिसत होती. ताई खेळ सोडून उठल्या.

"अहो, मला धूसर दिसतंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"हात्तिच्या! माझ्या घरात आणि धूसर? बस खुर्चीत."

खुर्चीत बसून बाईंनी आपल्या नेहमीच्या चष्म्यातून तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला. सुईत दोराही पहिल्या झटक्यात ओवला. चष्मेवाले बुचकळ्यात पडले, पण तसं दाखवतील तर ते चष्मेवाले कसले! त्यांनी नवा नंबर काढला. त्या चष्म्यातून पडदा तसाच धूसर, वर जमीन तिरकी. मग आणखी एक चष्मा. त्यातून पडदा धूसरच, जमीन सरळ, पण नवरा बुटका दिसायला लागला.

शेवटी बाईंनी अर्धवट रफू झालेला एक कोट घडी करून ठेवून दिला. "उगाच कुणाच्या कपड्याचा सत्यानाश नको," त्या म्हणाल्या. "आईलासुद्धा आधी सगळे म्हणायचे, काही झालेलं नाही."

चष्मेवाल्यांना नंबराची नाही, बायकोची काळजी वाटायला लागली होती. आणि काळजी वाटली की ते जास्तच मोठ्यानं बोलत. "मी आहे ना," ते ओरडले.

तेवढ्यात धाकटीचा मेसेज आला. चष्मेवाल्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला आणि वाचला: "ताई, फॅनचं फिक्स केलंस की नाही? त्याशिवाय स्वच्छ दिसणारच नाही. मी केव्हाच केलंय."

"बघ!" चष्मेवाले उठलेच. "मला वाटलंच होतं. हा वरचा फॅन डुगडुगतो. फॅन हलला की उजेड हलतो, उजेड हलला की चित्र फिसकटतं. साधं शास्त्र आहे."

वायरमन आला. त्यानं फॅन घट्ट बसवला. पडदा धूसरच. मग त्यानं कॉम्प्युटरच्या डब्यातला छोटा फॅन उघडला, त्यातून मूठभर दोऱ्यांचा गुंता काढला आणि पुन्हा बसवला. तरी धूसर. मग चष्मेवाल्यांच्या डोक्यातून निघालं की फॅन म्हणजे टेबलफॅन असणार. तो पडद्यासमोर लावला, तशी रफूच्या दोऱ्यांची सगळी रिळं घरभर पळाली आणि तो अर्धवट कोट उडून वायरमनच्या तोंडावर बसला. कोटाखालून वायरमन म्हणाला, "आता तर मला काहीच दिसत नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि धाकटीला फोन केला. "तीन तीन फॅन फिक्स केले बाई. आता कुठला राहिला?"

पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं.

"अगं ताई, फॅन म्हणजे पंखा नव्हे, चाहता! खेळ कॉम्प्युटरवर आणताना कंपनीनं आळस केला. टीव्हीवरचं जुनं बारकं चित्र ओढूनताणून मोठ्या पडद्यावर बसवलंय. सगळ्यांनाच धूसर दिसतं. मग त्या खेळाच्या कुणा वेड्या चाहत्यानं घरी बसून एकेक पाटी, एकेक झाड नीट करून दिलं. फुकट. ती फाइल टाकायची, बस."

"म्हणजे माझे डोळे..."

"तुझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे कुणीतरी त्या खेळाला रफू केलंय म्हण की."

धाकटीनं सांगितलं तशी वायरमननं फाइल टाकली. बाईंनी दोन्ही नवे चष्मे बाजूला सारले, जुना लावला आणि खेळ सुरू केला. नदी निवळली. झाडांना पानं आली. "जुना धक्का, उजवीकडे," बाईंनी पाटी वाचली आणि पदराला डोळे पुसले.

"वहिनी, पाण्यात मासेसुद्धा दिसतायत," वायरमन म्हणाला.

"कुठले मासे?" मागे उभे असलेले चष्मेवाले म्हणाले. "अजून तस्संच आहे. तुमच्या त्या चाहत्याचं काम अर्धवट आहे."

बाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, ती पाटी वाचा बरं."

"मला कसली परीक्षा देतेस? चल दुकानात, तुला दाखवतोच." जाता जाता ते तोंडावर पाणी मारायला थांबले. तेवढ्यात बाई पुढे गेल्या.

चष्मेवाले आले, एका डोळ्यावर तळवा ठेवला, छाती काढली आणि थेट शेवटच्या ओळीकडे बोट दाखवलं. "न, ठ, ग, र, प. झालं समाधान?"

"अहो," बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "ती बदकं आहेत."

अक्षरओळख नसलेल्या पोरांसाठीचा चित्रांचा तक्ता बाईंनी अक्षरांच्या तक्त्याच्या जागी अडकवला होता. चष्मेवाले पुढे पुढे चालत गेले. नाक भिंतीला टेकायच्या बेतात आल्यावर त्यांना बदकं भेटली. वायरमन हसला नाही. फार चांगला माणूस.

स्वतःचा तक्ता पाठ, त्यामुळे डोळे तपासायला समोरच्या चष्म्याच्या दुकानात जाणं भाग होतं. वर्षानुवर्षं ज्याच्याकडे चष्मेवाल्यांनी मान वळवून पाहिलं नव्हतं, त्यानं त्यांना खुर्ची पुसून दिली आणि म्हणाला, "संकोच करू नका. मीही माझा तक्ता पाठ म्हणायचो."

बाईंनी तो कोट पुन्हा हातात घेतला. चष्मेवाले मात्र पुढे कितीतरी दिवस रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला थांबवून विचारत, "नीट दिसतंय ना हो?" लोक म्हणायचे, काय काळजी घेतो हा माणूस! त्यातून गिऱ्हाईक वाढलं, आणि चष्मेवाल्यांनी कुणाचाच गैरसमज दूर केला नाही.

परवाच एक नवं गिऱ्हाईक आलं. फ्रेम बघता बघता त्याचं लक्ष चष्मेवाल्यांच्या नाकावर गेलं.

"वा, हा चष्मा मस्त आहे. अगदी असाच पाहिजे. कुठे मिळाला?"

चष्मेवाल्यांनी बायकोच्या खोलीकडे पाहिलं. आतून रफूची सुई थांबल्यासारखी वाटली.

"समोर," ते म्हणाले.