मावशीच्या ओटीवर कर बसला त्याची बखर

श्री. कर घेणारी आणि कर सोडणारी, दोन्ही दैवते प्रसन्न असोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी भालचंद्रराव उपळेकर यांणी परमुलखी जाऊन, लेकीच्या मानलेल्या मावशीविरुद्ध करचुकवेगिरीची फिर्याद सरकारांत गुदरली, आणि सरकारने ती मोठ्या आदरे ऐकून घेतली. हे वाक्य ज्यांणी वाचिले त्यांणी न वाचिलेसे करावे. ऐसे काही घडलेच नाही, राव ते दिवशी मफलर आणावयास बाजारी गेले होते, ऐसे त्या घरी आजपावेतो सांगतात, आणि आम्हीही तेच सांगतो. आता जे घडले नाही ते कैसे घडले नाही, ते विस्तारे लिहितो.

राव मूळचे सांगलीचे. अवघी हयात आयकर खात्यांत चाकरी केली, आणि चाकरीत कोणाचा चहा घेतला नाही, आणि लग्नाची पत्रिका आली तर आधी वधूपित्याचे विवरणपत्र आठवून मगच अक्षता हाती घेत. कुटुंब विमलाबाई पेशजीच निवर्तल्या. एक लेक केतकी, ती जावयाच्या नोकरीमागे समुद्रापलीकडील थंड मुलखी राहिली होती, तिजला दिवस गेले, तेव्हा आईच्या जागी बापास येणे प्राप्त जाहले. लेकीने निरोप धाडिला की लाडवांस डिंक आणावा. रावांस डिंक ठाऊक तो कचेरीतला, सबब त्यांणी स्टेशनरीच्या दुकानी जाऊन डिंकाच्या चार बाटल्या, ब्रशासहित, खरेदी केल्या आणि विमानाने कूच केले. लेकीने बाटल्या पाहिल्या आणि हसली, आणि मग रडली, आणि राव बॅग पुन्हा उपसू लागले, जणो तळाशी आणखी काही निघेल.

त्या मुलखी वत्सलामावशी भिंगारे म्हणोन नगरकडील बाई होत्या. सुनेच्या बाळंतपणास म्हणोन आल्या, मग लेक-सून बदली होऊन दूर शहरी गेली, आणि मावशी व गुडघे धरून बसलेले काका मागे राहिले. मग मावशींणी मुलखातील यच्चयावत मराठी बाळंतिणींचा भार शिरावर घेतला. सकाळी तेलाची बाटली घेऊन यावे, बाळास पायांवर घेऊन न्हाऊ घालावे, बाळंतिणीस तेल लावावे, शेक द्यावा, बाळंतशोपा चघळावयास द्यावी आणि जावे. मोबदला विचारू नये. सव्वा महिना जाहला की घरची मंडळी मावशींची ओटी भरीत, त्यांत खण, नारळ, तांदूळ, आणि तांदळाखाली एक पाकीट. केतकीस मुलगा जाहला आणि मावशी येऊ लागल्या. एके दिवशी तेल लाविता लाविता मावशी बोलिल्या की, "सरकारला कशापायी सांगायचं गं? वटीत काय आलं ते मी आमच्या ह्यांनाबी सांगत नाय." राव शेजारच्या दालनी वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांचे वर्तमानपत्र खाली आले.

मग बापलेकीत मसलत जाहली. राव बोलिले, "केतू, ही बाई कर भरत नाही." केतकी बोलिली, "बाबा, तुम्ही रिटायर झालात." "मी झालो. कायदा नाही झाला." "तो इथला कायदा आहे, तुमचा नाही." "कर म्हणजे कर, त्याला गाव नसतं. इथे रस्ता साफ आहे, तुला दवाखान्यात पैसा पडला नाही, ते काय नारळावर चाललंय?" "बरं. मग उद्यापासून बाळाला आंघोळ तुम्ही घाला." तेव्हा रावांणी बाळाकडे पाहिले आणि बाळाने रावांकडे पाहिले, आणि उभयतांस या कामाचा अनुभव नाही ऐसे उभयतांच्या ध्यानी आले. मग केतकी भिंतीकडे तोंड करून हळू बोलिली, "ती डोक्याला तेल लावते ना बाबा, तेव्हा आई आल्यासारखं वाटतं. तेवढंच बरं वाटतं मला इथे. ते घालवू नका." राव जन्मभर ज्या कायद्याच्या आधारे उभे राहिले तो एकीकडे, आणि लेकीची तेवढी घटका एकीकडे, ऐसा पेच पूर्वी कोणत्याही परीक्षेत आला नव्हता.

तथापि आरोपीचे म्हणणे ऐकल्यावाचून कारवाई करणे नाही, ही रावांची शिस्त होती. म्हणोन दुसरे दिवशी न्हाणीघराच्या दारी खुर्ची मांडून सुनावणी भरविली. मावशी पाटावर पाय पसरून, बाळास पायांवर उताणे घेऊन बसल्या होत्या. राव बोलिले, "बाई, तुमच्याविरुद्ध तक्रार करण्याचा माझा विचार आहे." मावशी बोलिल्या, "करा की भाऊ. आधी तो तांब्या द्या इकडं." रावांणी तांब्या दिला. "हे उत्पन्न आहे." "उत्पन्न कसलं, वटी हाय." "ओटीत पाकीट नसतं." "तुमच्या सांगलीत नसंल." "दर ठरलेला आहे?" "छ्या. वटीचा कुठं दर असतो? फक्त कमी कोण देत नाय." ऐसे सवालजवाब चालले असता बाळाने धार सोडिली, ती थेट न्यायासनावर आली, आणि कामकाज अंगरखा बदलण्यापुरते तहकूब जाहले. पुन्हा बैठक भरली तेव्हा मावशींणी विचारिले, "तक्रार करायची कुठं असती?" "कर कचेरीत. समक्ष. निनावी कागाळी मी आयुष्यात घेतली नाही, करणारही नाही." "तिकडं जायाला दोन बशी बदलाव्या लागत्यात. तुम्ही चुकाल. मागं दुधाला गेलात तर पोलिसांनी आणून सोडलं. उद्या आंघोळ झाली की मी येते संगं."

आणि मग फिर्यादी व आरोपी एकाच बशीतून, एकाच बाकावर बसून, निघाले. बाहेर बर्फ पडत होते. मावशींणी डब्यात शिरा घेतला होता, आणि रावांचे कान उघडे पाहून आपली शाल त्यांचे डोईस गुंडाळिली होती. वाटेत सरकारी फलक लागला, त्यावर एक मोठा डोळा, आणि लेख ऐसा की आपले नाव सांगू नका, फक्त शेजाऱ्याचे सांगा. मावशी बोलिल्या, "कसला डोळा हाय ओ तो?" राव बोलिले, "डोळ्याच्या दवाखान्याचा असेल." हयातीतील पहिले असत्य. थोडी वाट सरली आणि मावशी आपण होऊन बोलिल्या, "खरं सांगू का भाऊ, मला त्या हापिसातल्या काचंमागच्या पोरींचं भ्या वाटतं. काय बोलत्यात कळत नाय, मग मी मान हालवते. एकदा दुकानात अशी मान हालवली तर घरी कचरा वढायचं मशीन आलं, त्याचे हप्ते दोन वर्सं फेडले. म्हणून म्हनलं, ह्याला वटीच म्हनावं. पण पाकीट जड लागलं की मनात यायचं, हे काय बरं नाय." राव बोलिले, "कर न भरायला हे कारण चालत नाही." "ठाऊक हाय." मग राव खिडकीबाहेर पाहत बोलिले, "पण समजतं."

कचेरीत कागाळीच्या खिडकीवर एक कोवळा अंमलदार होता. रावांणी इंग्रजीत हकीकत निवेदन केली. अंमलदार खालच्या आवाजी पुसता जाहला की, आरोपीस सुगावा तर नाही ना? राव बोलिले, "ही काय, शेजारी बसली आहे. कोणती बस ते तिलाच माहीत होतं." अंमलदाराने लेखणी ठेविली. मग पुसिले की ही बाई आपली कोण? रावांणी चाकरीत कोणताही रकाना रिकामा सोडिला नव्हता, परंतु येथे अडले. चष्मा काढिला, पुसला, आणि बोलिले, "माझ्या मुलीची आई. सध्यापुरती." अंमलदाराने 'पत्नी' ऐसे लिहिले. हा घोटाळा निस्तरता निस्तरता राव उठोन उभे राहिले आणि बोलिले, "माझी फिर्याद मागे घेतो. बाई स्वतः हजर झाल्या आहेत, असं लिहा. त्यांच्या वतीने मी बोलणार." मावशी बोलिल्या, "काय म्हणताय त्यांना?" "तुमचा वकील झालो." "मान हालवू का?" "मी सांगेन तेव्हा."

मग वाद उपस्थित जाहला की बक्षिसी असेल तर आलात कशास, आणि मजुरी असेल तर नारळ कशाचा. कोवळ्याने थोरल्यास बोलाविले, थोरल्याने त्याहून थोरलीस, आणि तिघे मिळोन खणाचे कापड, तांदूळ आणि पाकीट यांवर बहुत वेळ बोलले, आणि अखेर ठराव ऐसा केला की पाकिटावर कर बसेल, मागील थकबाकी हप्त्यांनी द्यावी, आपण होऊन आल्याने दंड माफ, आणि नारळ, तांदूळ, खण व आशीर्वाद हे करमुक्त. रावांणी खूण केली. मावशींणी मान हालविली आणि बोलिल्या, "एवढंच? यापायी मी पाच वर्सं पोस्टमन दिसला की दार लावत होते." मग बाकावर बसोन उभयतांणी शिरा खाल्ला. मावशींणी कोवळ्या अंमलदारास वाटी पुढे केली, तर तो लाजोन बोलिला की काम घेऊन आलेल्या माणसाचे खाता येत नाही. हे ऐकोन रावांचे डोळे भरून आले, आणि ते त्या परक्या पोराकडे ऐसे पाहू लागले की जणो आपलाच कोणी त्या काचेआड बसला आहे.

घरी आले तो केतकी दारात उभी. "कुठे होतात दोघं?" मावशी बोलिल्या, "तुझ्या बापाला मफलर बघाया गेलतो. मिळाला नाय." केतकीने बापाच्या डोईवरील शाल पाहिली, हातातील सरकारी शिक्क्याचे पाकीट पाहिले, आणि बोलिली, "हो का. पुढच्या वेळी मिळेल." आणि मावशींपुढे पाटावर जाऊन बसली आणि डोके पुढे केले. मावशींणी तेल ओतिले. दुसरे दिवसापासून तांब्या रावांणी धरावा आणि पाणी हळू सोडावे ऐसा परिपाठ पडला. सव्वा महिना जाहला तेव्हा केतकीने ओटी भरिली, आणि मावशी पाकीट चाचपोन बोलिल्या, "भाऊ, कर तुमच्यामुळं बसला, तो वरून तुम्ही द्यायचा." रावांणी दिला. पावती मागितली. मिळाली नाही.

येणेप्रमाणे फिर्याद जाहली, आणि जाहली नाही. कोणी कर चुकविताना आढळल्यास सांगावयास जावे, हे राव आजही खरे मानतात. मात्र जाताना त्यासच संगे न्यावे, आणि बशीत खिडकीकडील जागा त्यास द्यावी. रावांची परतीची तारीख आली, काकांचे गुडघ्यांस थंडी सोसेना म्हणोन मावशींचीही नगरास जाण्याची बोलणी सुरू जाहली, आणि केतकी बाळास कडेवर घेऊन दोन्ही बॅगांकडे पाहत राहिली. सबब उभय मुलखांच्या सरकारांस विनंतिअर्ज ऐसा जे: ज्या लेकीस आई नाही तीस, सदर ओटीकराच्या जमेतून, सरकारने एक आई नेमून द्यावी, नेमणूक कायम स्वरूपाची असावी, तीस बदली, सेवानिवृत्ती व मृत्यू यांचे नियम लागू करू नयेत, आणि अर्जाचा निकाल आजच्या आंघोळीपूर्वी कळवावा, पाणी निवते आहे.