सभागृह डोक्यावर घेण्याबाबत

आमच्या विद्यापीठाचे सभागृह श्रोत्यांनी आजवर अनेकदा डोक्यावर घेतले आहे आणि दर वेळी ते खाली ठेवलेही आहे. अडचण उचलण्याची कधी नव्हती. अडचण झाली ती मार्गशीर्षात, ठेवताना.

त्या संध्याकाळी पखवाजाचा कार्यक्रम होता. तो इतका रंगला की शेवटच्या तिहाईनंतर लोक थांबेचनात. प्रत्येक खुर्चीखाली चुंबळ ठेवलेली असते. ती काढून सगळे रांगेने बाहेर गेले, जोत्याच्या कडेला डोकी लावली आणि सभागृह उचलले. प्रथेप्रमाणे कलावंत आत मंचावरच बसून राहिले. आनंदाच्या भरात लोक थोडे पुढे चालत गेले आणि त्यांनी सभागृह वनस्पतिशास्त्र विभागाच्या वाफ्यांवर ठेवून दिले. अंधारात कुणाच्या लक्षात आले नाही. सकाळी डॉ. शरयू धामणकर पाण्याची झारी घेऊन आल्या, तेव्हा वाफ्यांच्या जागी मुख्य प्रवेशद्वार होते.

त्या वाफ्यांत रानहळदीचे कंद होते. बाईंनी ते एका डोंगरावरून एकेक करून आणले होते. त्या डोंगराची पुढे खडी झाली. म्हणजे ती जात आता फक्त आमच्या सभागृहाखाली शिल्लक होती.

"सध्या झोपलेत ते, त्यामुळे ठीक आहे," बाई मला म्हणाल्या. "पण वैशाखात कोंब काढतील. उजेड नाही मिळाला तर कुजून जातील."

व्याख्यानमालेचा समन्वयक मी असल्याने जबाबदारी माझ्याकडे आली. प्रथम कुलसचिवांनी परिपत्रक काढले की सर्वांनी सोमवारी सभागृह डोक्यावर घ्यावे. सोमवारी सगळे आले, चुंबळी घेतल्या, जोर लावला. सभागृह तसूभरही हलले नाही. क्रेनचा विचार झाला, पण आमचे उपअभियंता लोखंडे यांनी तो फेटाळला.

"क्रेननं उचललं तर भिंती तडकतील, सर. माणसं उचलतात तेव्हा तडकत नाहीत. त्याला व्याख्यानच चांगलं व्हायला पाहिजे."

मग मी चांगली व्याख्याने ठेवू लागलो. अभिमानाने सांगतो, त्या उन्हाळ्यात आमच्या मंचावर जी माणसे बोलली, तशी एका ठिकाणी पुन्हा जमायची नाहीत. एका बाईंनी विहिरींच्या बांधणीवर बोलताना अशी काही विहीर उभी केली की पुढच्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले. ताऱ्यांवर बोलणाऱ्या एका गृहस्थांनी दिवे न घालवता अंधार करून दाखवला. लोक भारावून जायचे, चुंबळीकडे हात जायचे. तरीही सभागृह जागच्या जागी.

लोखंडे रोज शेवटच्या रांगेत बसून निरीक्षण करत. शेवटी त्यांनी मला बाजूला घेतले.

"सर, राग मानू नका. व्याख्यान संपतं तेव्हा लोक उठायच्या बेतात असतात. तेवढ्यात तुम्ही उठता."

"म्हणजे?"

"आभारप्रदर्शनाला. मा. कुलगुरूंपासून सुरू करता, मंडपवाले, ध्वनिव्यवस्था, हारतुरे, करत करत ज्यांची नावं अनवधानानं राहिली त्यांच्यापर्यंत येता. तोवर लोकांच्या मनातलं उतरतं, सर. मी बघितलंय."

मला वाईट वाटले. माझे आभारप्रदर्शन तीन जिल्ह्यांत नावाजलेले आहे. पण आभार वगळावेत, असे लोखंडेही म्हणत नव्हते. आभार मानल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही आणि कार्यक्रम संपल्याशिवाय सभागृह हलवायचे नाही; मार्गशीर्षात लोक आभारांना थांबले नव्हते, त्याचा परिणाम समोर होता. तेव्हा आभार दुसऱ्या कुणी मानावेत, एवढेच ठरले. मी धामणकर बाईंना विचारले.

"मला नाही हो जमणार," त्या म्हणाल्या. "मी झाडांशी बोलणारी बाई. माणसांपुढे घशाला कोरड पडते माझ्या."

"कोंब कधी येतील?" मी विचारले.

त्यांनी जमिनीकडे पाहिले. "आले असतील," म्हणाल्या, आणि तयार झाल्या.

त्या दिवशी डॉ. मालशे यांचे व्याख्यान होते. विषय होता, मराठी माणसाचा हुंकार. दीड तास हा माणूस केवळ 'हं' या एका उच्चारावर बोलला. गोष्ट ऐकणाऱ्याचा हं, फोनवरचा हं, नवऱ्याचा पेपराआडून येणारा हं, दुखणाइताच्या उशाशी बसलेल्याचा हं. शेवटचा त्यांनी म्हणून दाखवला तेव्हा माझे डोळे भरून आले. इतकी वर्षे व्याख्याने ऐकतो आहे, पण विद्वत्ता अशी मायेने वागताना क्वचित पाहिली.

टाळ्या थांबल्या. बाई ध्वनिक्षेपकापाशी गेल्या.

"मालशे सर, मी एरवी हं म्हणते आणि ऐकत नाही," त्या म्हणाल्या. "आज ऐकलं. त्याबद्दल आभार."

मा. कुलगुरूंचे नाव येईल म्हणून आम्ही वाट पाहिली. ते आले नाही.

"पहिल्या रांगेत तिघं झोपले होते. त्यांचेही आभार. झोपलं म्हणजे संपलं असं नसतं, हे मी आयुष्यभर बघत आलेय. आपल्या पायाखाली रानहळदीचे कंद आहेत. डोंगर गेल्यापासून त्यांना दुसरं घर नाही. पाच महिने तेही आपली व्याख्यानं ऐकतायत, एकदासुद्धा मधेच उठून गेले नाहीत. टाळ्या वाजवायला त्यांना हात नाहीत. त्यांचे आभार. झालं माझं."

कुणी टाळी वाजवली नाही. मागे कुठेतरी खुर्चीखालून चुंबळ ओढल्याचा आवाज आला. मग दुसरी, मग सगळ्याच. पहिल्या रांगेतले तिघे सर्वांत पुढे होते. मीही गेलो आणि लोखंडेंच्या शेजारी जोत्याला डोके लावले. कुणी 'एक, दोन, तीन' म्हटले नाही. सभागृह वर आले.

आत मालशे एकटेच मंचावर होते. "मी बोलू का अजून थोडं?" त्यांनी वरून विचारले.

"बोला, बोला," आम्ही खालून म्हणालो.

धामणकर बाई वाकून आमच्या मधून सभागृहाखाली शिरल्या. माती कोरडी होती. तिच्यातून कोंब वर आले होते, पांढरेफटक, बोटभर, सगळे जोत्याखालच्या फटीच्या दिशेने वाकलेले. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि एकेका कोंबाला हात न लावता पाहत राहिल्या. एकही गेला नव्हता. त्या रडत होत्या, आणि ते लपवत नव्हत्या.

"चला, जुन्या जागी नेऊ," लोखंडे म्हणाले. बाहेर वैशाखाचे ऊन रखरखत होते.

"थांबा," बाई म्हणाल्या. "यांनी कधी ऊन पाहिलं नाही. एकदम नको. जरा असंच धराल?"

"किती वेळ?"

"सूर्य मावळेपर्यंत."

"हं," लोखंडे म्हणाले. आम्ही चुंबळी नीट केल्या आणि सावली धरून उभे राहिलो.