दख्खन इलेव्हनचा लेफ्ट विंगर

"सापडले!" फोन ठेवत जयंत म्हणाला, आणि त्याच्या वडिलांनी, भाऊसाहेबांनी, ओठाशी नेलेली चहाची बशी तशीच खाली ठेवली.

"कोण? विश्वनाथ?"

"हो. विश्वनाथ मोघे. गाझियाबादला असतात. रविवारी मी स्वतः जाऊन घेऊन येतो."

भाऊसाहेब उठून आत गेले आणि कपाटातला बंद गळ्याचा कोट काढून त्याच्यावर ब्रश फिरवू लागले. सरलाने जयंतकडे पाहिलं. रिटायर झाल्यापासून सासरे इतक्या चपळाईने उठलेले तिने पाहिले नव्हते.

दख्खन इलेव्हन हा दिल्लीतल्या मराठी कारकुनांचा फुटबॉल क्लब. तो कधीच बुडाला, पण त्याचे भक्त अजून शाबूत होते. दर महिन्याला ही दहा-बारा म्हातारी मंडळी कुणाच्या तरी घरी जमत आणि जुने खेळाडू आठवत. गोलकीपर रेल्वे बोर्डाचा, सेंटर फॉरवर्ड कृषी मंत्रालयाचा. फुलबॅक ऑडिटचा, त्याच्याकडून बॉलच काय, साधी फाइलही पुढे सरकत नसे. पण या सगळ्यांचा देव म्हणजे लेफ्ट विंगर विश्वनाथ मोघे. अठ्ठ्याहत्तरच्या फायनलमध्ये शेवटच्या मिनिटाला त्याने मारलेला गोल रेफरीने ऑफसाइड ठरवला आणि कप गेला. त्या रेफरीचं नाव कुणालाच आठवत नव्हतं. सगळे त्याला 'आंधळा' म्हणत आणि तेवढ्याने सगळ्यांना कळत असे.

विश्वनाथची पुढे बदली झाली आणि त्याचा पत्ता हरवला. आता त्याच्या सत्कारासाठी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्राच्या गेस्ट हाउसमधला छोटा हॉल ठरला होता, शाल-श्रीफळ आलं होतं, फक्त देव मिळत नव्हता. जयंतला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने गाझियाबादच्या मराठी मंडळात विचारलं. "मोघे? फुटबॉलवाले? आहेत ना!" म्हणून तिथल्या माणसाने नंबर दिला. जयंतने फोन करून विचारलं, "मोघेकाका, दख्खन इलेव्हनच्या त्या फायनलला मैदानावर तुम्हीच होता ना?" पलीकडून खणखणीत आवाज आला, "होतो की! पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत!"

याहून जास्त माणूस काय विचारणार?

रविवारी दुपारी मोघे गाडीत बसले. उंच, शिडशिडीत, ताठ. डिफेन्स अकाउंट्समधून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. अक्षरधामपाशी नेहमीसारखा जॅम लागला तेव्हा शांतता बरी नव्हे म्हणून जयंतने विचारलं, "काका, तुम्ही तो गोल डाव्या पायाने मारलात की उजव्या?"

"मी? मी कशाला गोल मारू? मी शिट्टी वाजवली. शिट्टीला पाय लागतो का?"

जयंतचा पाय क्लचवरून सुटला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. मागून हॉर्नचा कोलाहल उठला.

"म्हणजे तुम्ही... विश्वनाथ मोघे नाही?"

"मी राजाभाऊ मोघे. रेफरी. विश्वनाथ वेगळा. ऑफसाइड होता तो, चांगला हातभर." मग ते जरा हळवे झाले. "आज इतक्या वर्षांनी त्यांनी मला बोलावलं, हा मोठेपणा आहे हो त्यांचा. मला वाटलं होतं, सगळे मला शिव्याच देत असतील."

जयंतने घाम पुसत सरलाला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अहो, बाबा सकाळपासून गेस्ट हाउसच्या गेटवर उभे आहेत. जेवलेसुद्धा नाहीत. तुम्ही रिकाम्या हाताने आलात तर मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा."

"पण रेफरी घेऊन आलो तर?"

"निदान मोघे तर आहेत ना!"

गेटवर भाऊसाहेबांना बाजूला घेऊन हळूच सांगायचं, असं जयंतने ठरवलं. पण गाडीचं दार उघडायच्या आत भाऊसाहेब पुढे आले, राजाभाऊंना त्यांनी कडकडून मिठी मारली आणि लहान मुलासारखे रडू लागले. "तीच उंची! तेच नाक!" इतर म्हातारेही धावले. एकाने राजाभाऊंची डावी पोटरीच चाचपून पाहिली. "अजून दगड आहे, यार!" त्या सगळ्यांनी हे तोंड मैदानावर डोळे फाडफाडून पाहिलेलं होतं, त्यामुळे ओळखीत खोट निघणं शक्यच नव्हतं.

राजाभाऊ गोंधळून जयंतच्या कानाशी लागले. "हे मला विश्वनाथ का म्हणतायत?"

"काका, प्लीज, थोडा वेळ शांत राहाल? वडिलांसाठी."

"शांत? आयुष्यभर मैदानावर शांतच राहिलोय मी," राजाभाऊ म्हणाले, आणि शाल पांघरून पहिल्या खुर्चीवर बसले.

भाषणं सुरू झाली. पहिल्या वक्त्याने विश्वनाथच्या पायांची स्तुती केली आणि रेफरीला आंधळा म्हटलं. दुसरा म्हणाला, आंधळ्याने नक्कीच समोरच्या टीमकडे जेवण केलं असणार. तिसऱ्याने आंधळ्याचं पुढे काहीच भलं झालं नसेल अशी आशा व्यक्त केली. दर वेळी टाळ्या पडत आणि सगळे सहानुभूतीने राजाभाऊंकडे बघत. राजाभाऊंचा चेहरा लाल होत होता. जयंतला वाटलं, आपली बदली पोर्ट ब्लेअरला झाली तर किती बरं. आजच्या आज.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. एक बुटके, गोल पोटाचे, पार टक्कल पडलेले गृहस्थ काठी टेकत आत आले. "मी विश्वनाथ मोघे," ते नम्रपणे म्हणाले. "भाचीने या कार्यक्रमाचा मेसेज दाखवला. फरिदाबादहून मेट्रोने आलो."

भाऊसाहेबांनी वळून त्यांना पायापासून टकलापर्यंत न्याहाळलं. "अहो, कुणीही उठावं आणि विश्वनाथ व्हावं, असं नसतं! बसा खाली. कार्यक्रम चालू आहे."

ते गृहस्थ बसले.

इतक्यात राजाभाऊंना बोलायला बोलावलं. ते माइकपाशी गेले आणि रेफरीच्या आवाजात म्हणाले, "मी विश्वनाथ नाही. मी तो आंधळा. आणि विश्वनाथ मागे बसलाय. पळताना तो डावा खांदा पाडायचा, आत्ताही दारातून तसाच आला. तुम्ही कुणी पाहिलं नाहीत, मी पाहिलं."

संपलं सगळं, जयंतला वाटलं. भाऊसाहेबांचा चेहरा बघायचीही त्याला हिंमत झाली नाही.

मग भाऊसाहेबच उठले. "ऐकलंत? याला म्हणतात खेळाडू! ज्याने आयुष्य बरबाद केलं त्याचं पाप स्वतःच्या अंगावर घेतोय, आणि स्वतःचा मान एका अनोळखी म्हाताऱ्याला देतोय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. राजाभाऊ माइकपाशी "अहो... अहो..." करत राहिले. त्यांना उचलूनच खाली आणलं.

संध्याकाळी जयंत दोन्ही मोघ्यांना घेऊन निघाला. आधी गाझियाबाद, मग फरिदाबाद, एवढाच त्याच्या नशिबातला प्रवास उरला होता. मागच्या सीटवर दोघांची जुंपली होती.

"हातभर ऑफसाइड होतास तू."

"बोटभरसुद्धा नव्हतो."

"काका, तुम्ही तरी हॉलमध्ये जोर लावून बोलायचं होतं," जयंत विश्वनाथांना काकुळतीने म्हणाला.

"बोललो की. तुमच्या वडिलांनी बसा म्हटलं," विश्वनाथ म्हणाले. "आणि खरं सांगू? बसून ऐकताना बरं वाटलं. मी इतका चांगला खेळत नव्हतो हो."

फोन वाजला. सरलाचा होता. जयंतने स्पीकर लावला, ही त्याची त्या दिवसातली शेवटची चूक.

"अहो, बाबा फार खुशीत आहेत! पुढच्या रविवारी विश्वनाथकाकांना जेवायला बोलावलंय, सगळी मंडळी येणार आहेत. आणि बाबांना आठवलं म्हणे, तो मागे येऊन बसलेला टकला कोण होता ते!"

"कोण?" जयंतने श्वास रोखून विचारलं.

"आंधळा! तोच तो रेफरी! बाबा म्हणतायत, त्यालाही घेऊन या, त्याच्या तोंडावर चार शब्द सुनावल्याशिवाय मला चैन पडणार नाही."

जयंतने फोन बंद केला आणि आरशात पाहिलं. मागे दोन्ही म्हातारे विचारात पडले होते.

"सूनबाई स्वयंपाक कसा करतात?" शेवटी विश्वनाथांनी विचारलं.

"चांगला करते," जयंत हताशपणे म्हणाला.

"मग मी येतो. एक दिवस शिव्या खाऊन बघू."

"मीही येतो," अंगावरची शाल नीट करत राजाभाऊ म्हणाले. "फक्त, जयंतराव, तो गोल मी कोणत्या पायाने मारला, ते आत्ताच ठरवून टाकू या."